सरणाचा आंबा

वरची वाडी, कापडे
ता. पोलादपूर
३ मे १९९८

गौतमीच्या बाबांना,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे. तो थोडा रागाचा आहे, हे समजून घ्यावं. घरी सगळे खुशाल.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन लाकडाच्या. "लाकूड उन्हात ठेवू नये. जमिनीला टेकवू नये. टोकांना रंग लावला का ते कळवणे." चौथ्या ओळीत गौतमीला आशीर्वाद. मी कुठे आहे ते बघायला कार्ड उलटं केलं. तिथे माझं नाव होतं, पण ते पत्त्यात.

तर कळवते. रंग लावला. बिरवाडीला आमच्या मंगेशने दारं-खिडक्या रंगवल्या, त्यातला निळा ऑइलपेंट डब्याच्या तळाला राहिला होता. तो भावाकडून मागून, एसटीत मांडीवर घेऊन, वाडीचा चढ चढून आणला. साडीला लागला तो अजून निघालेला नाही. तुम्ही सांगितलं तसं निम्म्या ढिगातल्या ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना लावला, म्हणजे टोकातून ओल पटकन उडून जाऊन लाकूड चिरणार नाही. एवढं करून हात धुवायला गेले आणि परत आले तर आबा शेणाची पाटी घेऊन बसलेले. "रंगानं काय व्हतंय? आमचा बाप शेनच लावायचा," म्हणाले, आणि उरलेल्या निम्म्या ढिगाला शेण फासून मोकळे झाले. आता निम्मी पडवी निळी आणि निम्मी शेणाची आहे. मी त्यांच्या ओंडक्यांकडे बघून नाक मुरडते आणि ते माझ्या.

आंबा पडवीत आहे. फणस गोठ्यात. रातांब्याचं खोड मोरीच्या मागे, आणि जांभूळ खाटेखाली. कुणाची बाग तुटली, कुणाचं परसातलं झाड पडलं की तुम्ही धावत जाऊन उचलून आणायचात. आणताना बरं वाटलं, आता झाडताना मला काय वाटतं ते विचारू नका. परवा माझे काका आले, त्यांना बसायला जागा नव्हती. शेवटी जांभूळ खाटेखालून ओढलं आणि त्यावरच बसले.

तुम्हा दोघांचं भांडण मी आता पुन्हा एकदा सांगते, कारण तुम्ही ते एक सांगता आणि आबा दुसरंच सांगतात, आणि मी तर तिथेच उभी होते. बांधावरचा रायवळ आंबा आबांनी आपल्या सरणासाठी राखला होता. वाडीत प्रत्येक म्हाताऱ्याचा एक आंबा असतो. मी बिरवाडीची, तरी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं होतं. तुम्ही तर इथेच जन्मलात. गेल्या वैशाखातल्या वाऱ्याने तो पडला, पावसाळाभर चिखलात भिजला, आणि दिवाळीनंतर तुम्ही करवत घेऊन गेलात. फोडल्यावर आत त्या काळ्या रेघा निघाल्या. कुणी शाईने काढाव्यात तशा बारीक. तो ओला फाळका तुम्ही दोन्ही हातांत धरून बसलात. गौतमी झाली तेव्हा तिला तसं धरलं नव्हतंत. मग त्याचं एक वाडगं कातलंत, महाबळेश्वरच्या दुकानात दाखवलंत, दुकानदार म्हणाला अशी असतील तेवढी आणा, पण सुकलेल्या लाकडाची, कारण हे आठवड्यात वाकडं झालं. जन्मभर लाटणी आणि रव्या कातून विटलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

आबा म्हणाले, "माज्या सरनाची भांडी इकनार काय रे?" तुम्ही म्हणालात, मेल्यावर माणूस कुठल्याही लाकडावर जळतं. हे तुम्ही बोलायला नको होतं. आणि मी मरेपर्यंत या घरात पाय ठेवू नको, हे आबांनी बोलायला नको होतं. पण दोघंही बोललात. शिमग्याची पालखी दारात येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही मुंबई गाठलीत. पोलादपूरच्या दुकानाला कुलूप, लेथ ताडपत्रीखाली, आणि तुम्ही गावकीच्या सामायिक खोलीत झोपून जोगेश्वरीच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातता.

जाताना मला म्हणालात, "दोन पावसाळे सांभाळ. लाकूड सुकलं की येतो." मी तेच धरून बसले आहे. म्हणून रंग लावते.

गंमत अशी की आबांनाही ते सुकलेलंच हवं आहे. ओल्या लाकडावर धुमसत पडायचं नाही म्हणतात. रोज सकाळी येऊन ओंडक्यांवर बोटाची गाठ वाजवतात, कान लावतात, मान हलवतात. बेचक्याचा ओंडका, जिथे दोन फांद्या फुटल्या होत्या तो, ज्यात सगळ्यात जास्त रेघा आहेत म्हणून तुम्ही मला दहा वेळा बजावलंत, तो त्यांनी उशाला ठरवला आहे. "बेचक्यात मान नीट बसंल," म्हणतात. म्हणजे लाकूड सुकवायचं यावर तुम्हा बापलेकांचं एकमत आहे. सुकल्यावर काय करायचं त्यावर नाही. तोवर राखण माझी.

समोरच्या रखमाकाकी रोज विचारतात, "सुदीरचा कागुद आला काय गो?" त्यांना आला म्हणून सांगितलं. काय लिहिलंय विचारलं तेव्हा खोटं बोलले.

माधुरी


२१ जुलै १९९८

गौतमीच्या बाबांना,

फणस फुटला. सगळाच्या सगळा.

आता माझ्यावर ओरडण्याआधी ऐका. पाऊस धरून आहे तो सुटतच नाही. गोठ्यात ओल, भिंतींना ओल, मिठाला पाणी. फणसाच्या ओंडक्यांवर पांढरी बुरशी आली. तुम्ही कार्डावर लिहिलंत, "हवेशीर जागी हलवणे". पावसाळ्यात या घरात हवेशीर जागा कुठे असते ते तुम्हीच सांगा. आपल्याकडे सुकायचं ते सगळं चुलीवरच्या माळ्यावरच सुकतं. सुकी मासळी तिथे, आमसुलं तिथे, बियाण्याचा मका तिथे, गौतमीची दप्तराची पिशवीसुद्धा तिथे. मग फणसही तिथे चढवला. रखमाकाकींच्या पुतण्याला, दत्तारामभावोजींना बोलावून, शिडी लावून, माझी कंबर मोडून.

दुपारी भाकऱ्या थापत होते आणि वर फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. मांजर पळालं. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत जे वाजायचं ते सगळं वाजून झालं. खाली काढले तेव्हा गाभ्यापासून सालीपर्यंत अशी भेग की माझं बोट आत जाईल. आबा शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. पण त्यांनी फक्त एक फाळका उचलून बघितला आणि म्हणाले, "आंबा नाय ना चढवलास?" नाही म्हटलं. मग जेवायला बसले.

ऐकून घ्यायची माझी तयारी होती. न ओरडल्याचा जास्त राग आला. फणस तुमचा होता, आंबा त्यांचा, आणि त्यांना काळजी फक्त त्यांच्या आंब्याची. तुम्हालाही आंब्याचीच असणार हे मला माहीत आहे. माझ्या कंबरेची कुणालाच नाही.

फुटलेल्या फणसातले दोन फाळके रखमाकाकींनी नेले. त्यांच्या लाकडांच्या खोपीचं छप्पर वाऱ्याने उडालं आहे, चूल पेटवायला घरात सुकं काही नाही. मी सांगितलं, न्या. तुम्हाला हे पटणार नाही, पण तुम्ही इथे नाही.

आबांनी पडवीला पावसाच्या बाजूने झडप बांधून दिली आहे. वरून फट ठेवली आहे, वारा खेळायला. ते त्यांना कुणी शिकवलं ठाऊक नाही. की तुम्ही करत होतात ते बघून ठेवलं होतं, कोण जाणे.

गणपतीला येणार का ते एका शब्दात कळवा. लाकडाची ओळ कमी करा आणि तो शब्द घाला.

माधुरी


२८ ऑगस्ट १९९८

गणपती बसले, दीड दिवसाने गेलेही. सगळ्या घरांतली मुंबईची माणसं आली होती. आपल्या घरी आरतीला टाळ वाजवायला पुरुष माणूस म्हणून आबा, आणि तेही खोकत. तुमचं कार्ड विसर्जनाच्या दिवशी आलं. "भुंगा लागला आहे का पाहणे. बारीक पीठ पडत असल्यास रॉकेल लावणे."

पीठ पडत नाही.

मा.


६ डिसेंबर १९९८

गौतमीच्या बाबांना,

गेल्या खेपेला मी नीट लिहिलं नाही. या खेपेला नीट लिहिते, कारण मधल्या काळात आबा वारले होते. घाबरू नका, समोर बसून चहा पीत आहेत.

दिवाळी झाल्यावर ताप भरला. डॉक्टर पोलादपूरला, आबा खाटेवर, आणि डोलीत बसायला साफ नकार. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता माझं झालं, लाकडं काढा. मी रडायला लागले. खरंच रडले. मग दत्तारामभावोजी आणि खालच्या आळीतले गणूदादा आले आणि तुमचा सगळा आंबा पडवीतून अंगणात काढला. खाट दारात ओढायला लावली आबांनी, म्हणजे त्यांना दिसेल.

आणि मग सुरू झालं. "तो नको, तो जाड हाय, तो खालती घाल. अरं, निळा वरती कशाला? निळा लवकर पेटल, रंग हाय त्याला. एवडे तोकडे तुकडे केलान त्या सुदीरनं, पाय भायेर ऱ्हातील माजे." गणूदादांना हसू आवरेना, ते पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेले. दत्तारामभावोजींनी रचलेलं आबांना पसंत पडेना. शेवटी स्वतः उठले. लुंगी खोचून अंगणात उतरले आणि आपलं सरण कसं रचायचं ते त्या दोघांना दाखवायला लागले. घाम फुटला. त्या घामात ताप उतरला. दुपारी पेज मागितली.

संध्याकाळी माझ्यावरच डाफरले की लाकडाला दिवसभर ऊन लागलं, आता चिरा पडतील, तुला सांगितलेलं कळत नाय. तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. मी तिथेच हात टेकले.

तीन माणसांना पुन्हा सगळं आत रचायला रात्र झाली. प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून, वारा जाईल असं. ते मी केलं, कारण भावोजींना ते येत नाही. मला आता येतं. यात आनंद मानायचा की काय करायचं ते मला कळत नाही.

एक गोष्ट सांगायची म्हणून सांगते. ताप डोक्यात चढला होता तेव्हा आबांनी तुमचं नाव घेतलं नाही. पण दर थोड्या वेळाने विचारत होते, खालून गाडी आली काय. वाडीत गाडी येत नाही हे त्यांना आपल्या जन्मापासून माहीत आहे.

तुम्ही त्या दिवशी बोलला होतात ना, कुठल्याही लाकडावर जळतं माणूस. पुढच्या वेळी खरंच गेले, तर मी काय करू? लाकूड त्यांना देऊ, की तुमच्यासाठी ठेवू? ठेवलं तर वाडी माझ्या तोंडात शेण घालील, आणि तेही बरोबर असेल. दिलं तर तुम्ही कशासाठी परत येणार? तुम्ही मला लाकूड सुकेपर्यंतचा वायदा दिलात. लाकूडच राहिलं नाही तर वायदा कसला? दोघांनी मिळून मला कुठे नेऊन उभं केलं आहे ते एकदा शांत बसून बघा.

याचं उत्तर कार्डावर मावणार नाही. पाकीट वापरा.

माधुरी


७ मार्च १९९९

गौतमीच्या बाबांना,

पाकीट आलं नाही. कार्ड आलं. "ओंडके वर्षातून एकदा उलटे करणे." केले.

शिमग्यालाही तुम्ही आला नाहीत. गणपतीला एक वेळ समजू शकते, कामाचे दिवस. पण शिमग्याला मुंबईत कोण राहतं? गावकीच्या खोलीत त्या रात्री तुम्ही एकटेच असाल. जेवलात की नाही हे मला विचारायचं नाही, तरी विचारते.

आता होळीचं ऐका. होळीसाठी पोरं लाकडं पळवतात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही, हे ठाऊक आहेच. वाडीत इतकं सुकं, इतकं नीट रचलेलं लाकूड आपल्या पडवीशिवाय कुठे आहे? आठ दिवस आधीपासून पोरं अंगणातून उगाचच जायला लागली. आबांनी खाट पडवीत आणली. कोयता उशाशी. "हात तर लावा रे, भाड्यांनो. माजी होळी कराल, पन मी मेल्यावर." पोरं हसायची आणि पुन्हा यायची. रखमाकाकी समोरच्या ओट्यावरून तमाशा बघत बसायच्या. "भागोजी, कवळून नीज त्याला, नायतर जाईल," म्हणायच्या. आबा त्यांच्यावर शिव्यांची फैर झाडायचे. एक गाय बांधावरून शेतात शिरली त्यावरून दोघांची चाळीस वर्षं बोलाचाली आहे, पण दुपारच्या चहाची बशी अजूनही इकडून तिकडे जाते.

पोरांनी एकही ओंडका नेला नाही. नेला तो मी.

हिवाळाभर आबांचा खोकला वाढत गेला. रोज सकाळी बेचक्याचा तो ओंडका जवळ ओढायचे, हात फिरवायचे, "उशाला ह्यो," म्हणायचे. मला ते बघवेना. म्हटलं, बाकी सगळं जाऊ दे, निदान हा तरी तुमच्यासाठी ठेवावा. तुम्ही कधी आलात तर दाखवायला एक तरी असावा. आबा आंघोळीला गेले होते तेव्हा उचलला, गोठ्याच्या कोपऱ्यात भाताच्या तुसाचा ढीग आहे त्यात खोल पुरला. तुसात हळूहळू सुकतो आणि चिरत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. दोन्ही टोकांना निळ्या रंगाचा नवा हात दिला. डबा आता संपला.

आबांना सांगितलं, होळीत गेला असणार. पोरांनी नेला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आठवडाभर गावातल्या प्रत्येक पोराच्या सात पिढ्या उद्धारल्या. बिचारी पोरं. त्या खेपेला त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या उशाखालचं लाकूड मी काढलं, आणि ते तुमच्यासाठी काढलं, आणि तुम्ही कार्डावर लिहिता उलटे करणे.

गौतमी आता दुसरीत. तिने चित्र काढलं आहे, घर आणि घराच्या बाजूला ढीग. निम्मा निळा. बाईंनी विचारलं हे काय, तर म्हणाली, आमचे बाबा.

माधुरी


९ ऑगस्ट १९९९

गौतमीच्या बाबांना,

हे पत्र उशिरा पोचेल. घाटात दरड आहे, पोस्टाची पिशवी तीन दिवस कापड्यालाच पडून आहे. आधी सांगायचं ते सांगते. रखमाकाकी गेल्या. मंगळवारी सकाळी. ओट्यावर बसल्या होत्या, बसल्या जागीच कलंडल्या. त्रास झाला नाही.

त्यांच्या पांडूभावोजींना मुंबईला कळवायला दत्तारामभावोजी भिजत कापड्याला गेले, तर फोन बंद. निरोप पोचला असता तरी ते येणार कुठून, रस्ताच नव्हता. अग्नी पुतण्या म्हणून दत्तारामभावोजींनीच द्यायचा ठरला. आणि मग लाकडं.

रीतीप्रमाणे प्रत्येक घरातून लाकूड आलं. पण दोन आठवडे आभाळ उघडलेलं नाही. आलेलं सगळं हाताला थंड लागत होतं, पिळलं तर पाणी निघेल असं. काकींचा स्वतःचा आंबा ओढ्यापलीकडे उभा आहे, हिरवागार. पुरुष माणसं अंगणात उभी होती, डोक्यावर इरली, आणि सगळे आपल्या पडवीकडे बघत होते. मागितलं कुणीच नाही. ते लाकूड कुणाचं आणि कशाचं आहे, आणि त्यावरून या घरात काय झालं, हे वाडीत लहान पोरालाही ठाऊक आहे.

आबा खाटेवरून उठले. पडवीत गेले, झडप सोडली, आणि वरचा ओंडका स्वतः उचलला.

मी आडवी आले. हो, आले. अख्ख्या वाडीसमोर, पदर सावरायचंही भान नव्हतं. म्हटलं, "आबा, ती तुमची आहेत."

"माजी हायेत म्हनूनच देतो."

"त्यांनी सुकवायला ठेवलीत. सुकली की येतो म्हणून गेलेत. ती गेली तर ते कशाला येतील?"

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. पावसात तीस माणसांनी ते ऐकलं. आबा तो ओंडका छातीशी धरून उभे राहिले. मग हळू बोलले, फक्त माझ्यापुरतं. "सुदीर झाला तवा त्याची आई दोन म्हयने तापात व्हती. हिनं पाजलाय त्याला. स्वताचा पांडू एका अंगाला, ह्यो एका अंगाला. वल्या लाकडावर ठेवू काय तिला?"

हे तुम्हाला माहीत होतं? मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाजूला झाले. नुसती बाजूला झाले नाही, खालचे ओंडके मीच काढून दिले. ते कसे रचलेत ते मलाच माहीत होतं. उतरणीवरून माणसांच्या खांद्यावरून ते सगळे ओढ्याकाठी गेले, निळे आणि शेणाचे. चौघांनी वर पत्रे धरले. थोडं रॉकेल घातलं, आणि त्या पावसात सरण असं पेटलं की पत्रे धरणाऱ्यांना मागे सरावं लागलं. धूर नाही, चटचट नाही. गणूदादा सांगत होते, दत्तारामभावोजी म्हणाले, "सुदीरनं लाकूड चांगला सुकवलान." मग कुणीतरी म्हणालं, सुदीरनं नाय, त्याच्या बायकोनं. हे मला सांगायला गणूदादा मुद्दाम आले.

त्यानंतर दोन दिवस मी आबांशी बोलले नाही. वाढायचे आणि उठायचे. पडवी रिकामी बघून माझ्या अंगाची लाही होत होती. ज्या लाकडासाठी त्यांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं, ज्याच्यासाठी मी दोन पावसाळे पाठीचा काटा ढिला केला, ते त्यांनी एका क्षणात देऊन टाकलं, आणि ते बरोबर होतं. बरोबर होतं म्हणून भांडताही येईना. तुमचाही राग आला. या घरात योग्य तेच करणारी माणसं आहेत, फक्त ती एकमेकांसाठी करत नाहीत.

आज सकाळी ठरवलं की निदान बेचक्याचा तो ओंडका बाहेर काढावा, त्याला पडवीत ठेवावा, आणि तुम्हाला लिहावं की एक आहे अजून, या. गोठ्यात गेले, तूस उपसलं. ओंडका होता. भेग नाही, बुरशी नाही. टोकाला हात लागला तर खरखरीत लागलं. उजेडात आणून बघितलं.

माझ्या निळ्या रंगावर शेण होतं. दोन्ही टोकांना, नीट, एकसारखं सारवलेलं. खाली एक जुना थर आणि वर एक नवा. नवा थर या पंधरवड्यातला असेल, पुरता कडक झाला नव्हता.

म्हणजे शिमग्यापासून त्यांना माहीत होतं. शिमग्यापासून ते पोरांना शिव्या देत होते आणि इकडे येऊन तुसातला ओंडका काढून, शेण लावून, पुन्हा पुरून ठेवत होते. आणि मंगळवारी सगळं लाकूड दिलं तेव्हा याचं नाव काढलं नाही. त्यांच्या उशाचं लाकूड त्यांनी तुमच्यासाठी सोडलं. मी रडले, आणि रडतानाही मला राग येत होता, की मला एवढे महिने चोरासारखं वागायला लावलं.

ओंडका उचलून पडवीत नेला आणि आबांच्या समोर ठेवला. त्यांनी एकदा बघितलं, मग बाहेर पावसाकडे बघायला लागले.

"पोरांनी परत आनून ठेवलान वाटतं," म्हणाले.

मी ओंडक्याला चिकटलेलं तूस पदराने झटकलं. मग तेच म्हणाले, "ओढ्याकडचा दुसरा आंबा बगितलाय मी. आपलाच हाय. पाऊस गेला का तोडायला पायजेल. तो सुकस्तवर मना काय मरता येनार नाय."

"बरं."

"तुला जमनार नाय ते. तू चुलीवर चढवतंस."

"मग कुणाला सांगू?"

"सुकवनारा चांगला मानूस पायजे. तुज्या बगन्यात हाय काय कोन?"

मी म्हटलं, "एक आहे. गणपतीला येईल, बोलावलं तर. पण आबा, तो शेण लावणार नाही. तो टोकांना रंग लावतो."

आबांनी बेचक्याच्या ओंडक्यावर बोटाची गाठ वाजवली, कान लावला.

"लावूं दे," म्हणाले.

माधुरी